अंकांशी गट्टी : उत्तर आलं, पण पडताळा घेतला का?

बालमित्रांनो, आज वही-पेन्सिल घेऊन आपण नेवासे तालुक्यातल्या घोडेगावला जाऊ या. इथला शुक्रवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे, विशेषतः म्हशींसाठी. बाजार म्हटला की हिशोब आलाच!

समजा, एका दावणीजवळ माणसे आणि म्हशी मिळून २० डोकी दिसली. पाय मोजले तर ६४ भरले. मग म्हशी किती?

घाबरू नका. क्षणभर सगळ्यांना दोनच पाय आहेत असं समजा. २० × २ = ४०. पाय उरले २४. प्रत्येक म्हशीचे दोन पाय मोजायचे राहिलेत ना? म्हणून २४ ÷ २ = १२ म्हशी आणि ८ माणसे. आता पडताळा : १२ × ४ = ४८, ८ × २ = १६, बेरीज ६४. जमलं! पण सावध बरं का, पर्यायांत १२ असतो तसा ८ सुद्धा असतो. काय विचारलंय ते पुन्हा वाचा.

आता कांद्याच्या बाजारात. ३५ गोण्या, प्रत्येकीत ५० किलो कांदा. भाव क्विंटलला १,८०० रुपये. एकूण रक्कम किती? घाईत ३५ × १,८०० = ६३,००० असं उत्तर येतं. चुकलं! भाव गोणीचा नाही, क्विंटलचा आहे. क्विंटल म्हणजे १०० किलो. ३५ गोण्या म्हणजे १,७५० किलो, म्हणजेच १७.५ क्विंटल. रक्कम ३१,५०० रुपये. परीक्षेत अशा चुकीने गुण जातो, व्यवहारात घामाचे पैसे जातात.

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्नांना दोन तास मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. एवढ्यात पडताळा कसा होणार? रोज दहा मिनिटे सराव केला की होतो! रीत हाताला बसली की वेळ आपोआप वाचतो.

पालकांनो, सुरुवातीलाच घड्याळ लावून बसवू नका. आधी अचूकपणा, मग वेग. महागडी पुस्तकं नसली तरी अडत नाही. घरात आलेली कांद्याची पट्टी मुलांच्या हाती द्या. वजन, भाव, हमाली, तोलाई त्यांनाच जुळवू द्या. चूक निघाली तर शाबासकी द्यायला विसरू नका!

तुमच्यासाठी गृहपाठ :
१) माणसे व म्हशी मिळून डोकी २४, पाय ७८. माणसे किती?
२) ४८ गोण्या, प्रत्येकी ५५ किलो, भाव क्विंटलला १,५०० रुपये. रक्कम किती?
३) ४, ७, १२, १९, २८, ? (शेजारच्या संख्यांतला फरक पाहा.)

उत्तरे : १) ९ २) ३९,६०० रुपये ३) ३९

आधी सोडवा, मगच उत्तरे पाहा हं! भेटू पुढच्या अंकात.