पिवळ्या झेंड्यावरची रोटी



धावडा गाव आज जालना जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचा झेंडा पिवळा होता आणि त्याच्या मधोमध पांढरा गोल असे.

हा गोल म्हणजे कुलचा, असे सांगतात. औरंगाबादचे सूफी हजरत निजामुद्दीन (रह.) यांनी मीर कमरुद्दीन यांना पिवळ्या कापडातले कुलचे खाऊ घातले. त्यांनी सात खाल्ले. हजरतांनी दुआ दिली, ‘तुझ्या सात पिढ्या राज्य करतील.’ १७२४ मध्ये हेच कमरुद्दीन पहिले निजाम झाले. मात्र निजाम सातच भरण्यासाठी नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग हे मधले तिघे वगळावे लागतात. म्हणून ही गोष्ट इतिहास म्हणून नव्हे, नसीहत म्हणून ऐकावी.

नसीहत साधी आहे. झेंड्यावर वाघ नाही, तलवार नाही. फकिराने पाहुण्यापुढे ठेवलेली रोटी आहे. सातव्या निजामाच्या काळात झेंड्यावर ‘अल-अजमतु लिल्लाह’, म्हणजे थोरवी फक्त अल्लाहची, असेही लिहिलेले होते.

त्या अक्षरांखाली राहून रझाकारांनी रयतेवर जुलूम केला. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे उर्दू दैनिक ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. त्या धामधुमीत कितीतरी निरपराध मुस्लिम घरेही उद्ध्वस्त झाली.

म्हणूनच मराठवाडा मुक्तिदिन आला की आपल्या काही घरांत गप्प बसण्याची रीत पडली आहे. पण गप्प बसले की मुलांच्या मनात एकच हिशेब उरतो : तो झेंडा आपला होता आणि तो हरला. हा हिशेब खोटा आहे. जुलूम करणारे मुसलमान होते, तसा जुलमाविरुद्ध लिहून जीव देणाराही मुसलमानच होता.

यंदा तिरंग्याला सलाम करून मुले घरी आली की त्यांना शोएबुल्ला खानांचे नाव सांगा. ज्यांनी सोसले त्या सर्वांचे, शेजारच्या घराचेही आणि आपल्याही, दुःख सांगा. आणि कुलच्याची गोष्टही सांगा. राज्य सात पिढ्यांनी संपले. भुकेल्याला घास देण्याचा हुकूम मात्र आजही कायम आहे.