शेळीच्या पाठीवरची पेढी

व्यापाराच्या इतिहासात जहाजे, उंटांचे काफिले आणि बैलांचे तांडे यांना मानाचे स्थान आहे. शेळी-मेंढीची नोंद मात्र फारशी कोणी घेत नाही. वास्तविक कुमाऊं आणि गढवाल या हिमालयीन प्रदेशांतून तिबेटकडे जाणारा व्यापार कित्येक पिढ्या याच लहानशा जनावरांच्या पाठीवर चालला. हा व्यापार करणाऱ्यांना भोटिया म्हणत. जोहार, दारमा, व्यांस, नीती आणि माणा ही त्यांची खोरी. इकडून धान्य, गूळ, कापड आणि तंबाखू जाई. तिकडून मीठ, टाकणखार आणि लोकर येई.

खेचर अधिक ओझे उचलते, मग शेळीच का? याचे उत्तर खर्चाच्या रकान्यात सापडते. जोहार खोऱ्यातून जाणाऱ्याला ऊंटा धुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या तीन खिंडी ओलांडाव्या लागत. तिन्ही पाच हजार मीटरहून उंच; मधल्या टापूत ना सरपण, ना चारा. अशा वाटेवर मोठ्या जनावरासाठी दाणावैरण सोबत न्यावी, तर जनावर वाहते त्यातला बराच भाग तेच खाऊन टाकते. शेळी आणि मेंढी वाटेतले खुरटे गवत आणि झुडपे खाऊन आपला निर्वाह करतात. अरुंद कड्यावर त्यांचे पाऊल चुकत नाही. एखादे जनावर दगावले तरी बुडतो तो दोन लहान पिशव्यांचा माल. खेचर दरीत गेले तर मोठी रक्कम एकदम जाते. जोखीम शेकडो पाठींवर वाटून देण्याची ही रीत विम्याहून जुनी आहे. शिवाय मेंढीची लोकर वेगळी विकता येई आणि शेळीच्या केसांचे दोर वळता येत. आपल्याकडचे लमाण बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी लादून, त्यांना वाटेत चारत दख्खनभर हिंडत, त्यातही हाच हिशेब होता.

जनावराच्या दोन्ही अंगांना लोकरीच्या, कातड्याने मजबूत केलेल्या दोन लहान पिशव्या लोंबत. दोन्हींचे वजन सारखे असावे लागे. एक बाजू जड झाली की पाठ सोलवटते आणि जनावर बसते. एकूण ओझे साधारण दहा-बारा किलो. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘अतिभारारोपण’, म्हणजे जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे, याची गणना आहे. भोटिया व्यापारी जैन नव्हता आणि त्याचा आहारही शाकाहारी नव्हता. मात्र लोभाने चार शेर जास्त लादणाऱ्याचा माल खिंडीतच राहतो, हे तो अनुभवाने जाणत होता. व्रताने जी मर्यादा घातली, तिच्याच जवळ त्याला हिशेबाने आणून सोडले.

या जनावरांच्या चिकाटीचा एक पुरावा भूगोलाच्या इतिहासात नोंदलेला आहे. जोहारमधील मिलम गावचे पंडित नैनसिंह रावत हे व्यापारी घराण्यातले. मण्यांच्या माळेवर पावले मोजत त्यांनी तिबेटचे सर्वेक्षण केले. 1874 मध्ये ते वेषांतर करून लेहहून ल्हासाकडे निघाले, तेव्हा सामानासाठी त्यांनी 26 मेंढ्या घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर 20 ते 25 पौंड ओझे होते. त्यांतल्या चार-पाचच शेवटपर्यंत पोहोचल्या. परंतु त्या हजार मैलांहून अधिक चालल्या आणि वाटेवर जे चरायला मिळाले त्यावरच जगल्या. नैनसिंहांना 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मेंढ्यांचे नाव अर्थातच कोठे नाही.

या व्यापाराचा खरा पाया मात्र पिशवीत नव्हता. प्रत्येक भोटिया व्यापाऱ्याचा तिबेटमध्ये एक ठरलेला ‘मित्र’ असे आणि देवघेव त्याच्याशीच होई. नाते जुळताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघांनी जपून ठेवायचे, अशी रीत होती. पुढे मुलगा किंवा नोकर माल घेऊन गेला की तुकड्याला तुकडा जुळवून ओळख पटे. हे नाते वारसाने पुढच्या पिढीकडे जाई. ना मुद्रांक, ना तारण, ना जामीनदार. उधारी एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाई, कारण खिंडी उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंतच खुल्या असत. हिवाळ्यात कळप खाली उतरत आणि तिकडचा माल जौलजीबी व बागेश्वरच्या जत्रांत विकला जाई.

1954 च्या भारत-चीन कराराने या व्यापाराला कायद्याची चौकट दिली. कोणत्या खिंडी आणि कोणत्या मंडया, हे त्यात नावानिशी लिहिले गेले. आठ वर्षांची मुदत 1962 मध्ये संपली, करार पुढे चालू राहिला नाही आणि त्याच वर्षी युद्ध झाले. खिंडी बंद झाल्या. अनेकांची येणी पलीकडे अडकली. दगडाचा तुकडा घरात होता. जोडीचा तुकडा सीमेपलीकडे. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही खाते बंद झाले, कारण वाट त्यांच्या मालकीची नव्हती. ओझ्याला उपयोग उरला नाही, तसे कळप विकले गेले. मिलमसारखी गजबजलेली गावे ओस पडत गेली. लिपुलेखमार्गे 1992 मध्ये व्यापार पुन्हा सुरू झाला, तोवर मधली एक पिढी निघून गेली होती.

तो समाज मात्र खचून गेला नाही. 1967 मध्ये त्याला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुलांनी शिक्षणाची वाट धरली, अनेक जण सरकारी सेवेत गेले. घरी लोकरीचे विणकाम चालू राहिले.

व्यापारी कुटुंबाने या कथेतून दोन नोंदी आपल्या वहीत उतरवून घ्याव्यात. जोखीम शंभर पाठींवर वाटली तरी त्या सगळ्या पाठी एकाच खिंडीतून जात असतील, तर ती खऱ्या अर्थाने वाटलेली नसते. एकच बाजारपेठ, एकच मोठे गिऱ्हाईक किंवा एकाच परवान्यावर चालणारी पेढी यांनाही हे लागू पडते. आणि दुसरी नोंद अशी की, ज्याने ओझे बेताने लादले, दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या आणि दिलेला शब्द दगडासारखा जपला, त्याचा धंदा बुडाला तरी पत बुडत नाही. पुढची पिढी उभी राहते ती त्या पतीवर.