आठ आण्यांचं करायचं काय?

बालमित्रांनो, आज एक शोधमोहीम. देवघरातला डबा, आजीचा बटवा, आईच्या शिलाई मशीनचा खण आणि बाबांचा तो कधीच न आवरलेला ड्रॉवर, एवढ्या चार जागा धुंडाळा. पैज लावून सांगतो, एक तरी आठ आण्याचं, म्हणजे ५० पैशांचं नाणं सापडेल. हातात आलंच आहे तर सनाच्या खाली नीट बघा. तिथे बारीकशी खूण असते. चौकटच्या आकाराची असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं.

बघून झालं? आता ते घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि एक गोळी मागा.

पुढे काय होईल ते मी इथे बसून सांगतो. नवी पेठ असो की मंगळवार पेठ, दुकानदार नाण्याकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, "हे कुठं चालतंय बे आता? ठेव घरी, खेळायला."

आणि गंमत ही, की त्याचं चुकतंय! आठ आण्याचं नाणं बंद झालेलंच नाही. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने ३० जून २०११ पासून चलनातून काढली. ५० पैशांना मात्र हात लावला नाही. रिझर्व्ह बँकही सांगते, की हे नाणं चालू आहे, बिनधास्त घ्या. फक्त एक अट आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे आठ आण्यांच्या नाण्यांनी एका वेळी दहा रुपयांपर्यंतचंच देणं भागवता येतं. म्हणजे वीस नाणी. शंभर नाण्यांची पिशवी घेऊन वह्या आणायला गेलात आणि दुकानदार "नको" म्हणाला, तर कायदा त्याच्या बाजूने!

तर असं हे आपलं सगळ्यात लहान नाणं. कायद्यात जिवंत, बाजारात मेलेलं. मग सरकारने त्याला एकदाचा रीतसर निरोप द्यावा का?

"द्या की, अर्ध्या रुपयाने काय होतंय?" असं पटकन म्हणू नका. यात एक पेच आहे, आणि तो समजायला जरा मागे जावं लागेल.

तुमचे पणजोबा शाळेत होते तेव्हा रुपयाचे १६ आणे होते, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. करा गुणाकार. एका रुपयाच्या १९२ पै! "पै पै करून जोडले" असं आजी म्हणते ना, ती ही पै. दोन आण्यांच्या नाण्याला चवली म्हणत, चार आण्यांच्या नाण्याला पावली आणि आठ आण्यांच्या नाण्याला अधेली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा १९४३ पासून पैशाच्या मधोमध चक्क भोक पाडलं होतं. तो भोकाचा पैसा दोऱ्यात ओवून ठेवता यायचा.

मग १ एप्रिल १९५७ ला सगळं पालटलं. रुपयाचे १०० 'नवे पैसे' झाले. पावलीचे २५ आणि अधेलीचे ५०, हे झकास जमलं. म्हणून तर २५ पैशांना आपण पुढेही 'चार आणे' आणि ५० पैशांना 'आठ आणे' म्हणत राहिलो. पण एका आण्याचे किती? १०० ला १६ ने भागा. सव्वासहा! आता पाव पैसा कुठून आणायचा? तेव्हा कायद्यात नियम घातला, की हिशेब जवळच्या पूर्ण पैशावर आणायचा, आणि बरोबर मधोमध आला तर खालचा पैसा धरायचा. त्यामुळे एका आण्याचे झाले ६, दोन आण्यांचे साडेबारा येतात त्याचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५.

आता डोकं चालवा. चार आणे एकदम मोडले तर हातात २५ नवे पैसे. तेच एकेक आणा करून चार वेळा मोडले तर सहा चोक चोवीस. एक पैसा गेला कुठे? चोरला कुणीच नाही. हिशेब एकदा पूर्ण करायच्या ऐवजी चार वेळा केला, एवढंच. हे कोडं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६४ साली 'नवा' हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. पुढची ॲल्युमिनियमची नाणी तुमच्या आईबाबांना आठवत असतील. चौकोनी १ आणि ५ पैसे, कातरलेल्या कडांचे २ आणि १० पैसे, षटकोनी ३ आणि २० पैसे. वजनाला इतकी हलकी की खिशात आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर त्यात काय काय मिळायचं, ते घरी विचारा आणि तासभर ऐकायची तयारी ठेवा. ही सगळी नाणी सरकारने बंद केली ती २०११ मध्ये, पण दुकानदारांनी त्याच्या कितीतरी आधीच घ्यायची थांबवली होती. आज आठ आण्यांचं तेच चाललंय.

आता आपण भाजी आणायला जाऊ. भेंडी ३० रुपये किलो आहे असं समजा. पाव किलो घेतली. किती झाले? साडेसात रुपये. आठ आणे कुणी देत नाही, कुणी घेत नाही, म्हणून भाजीवाली मावशी आठ रुपये घेते आणि वर दोन मिरच्या टाकते. मिरच्या टाकल्या तर ठीक! दुकानात त्याच आठ आण्यांची गोळी हातात पडते. (ती गोळी परत देऊन आठ आण्यांचं सामान मागून बघा, मिळालं तर मला कळवा.)

भाव बदलून बघा. ५० रुपये किलोचा पाव किलो साडेबारा. ७० चा साडेसतरा. ९० चा साडेबावीस. ४० किंवा ६० भाव असेल तर पूर्ण रुपये येतात. म्हणजे भाव दहाच्या पटीत असला तर पाव किलोचा हिशेब एकतर पूर्ण येतो, नाहीतर बरोबर अर्ध्यावर येऊन अडतो. आणि अर्ध्यावर अडला की बाजाराचा नियम ठरलेला, वर ढकला! बँकांमध्येही असंच आहे. ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरतात, कमी असतील तर सोडून देतात. बँकेत ४९ च्या आतले आकडेही तेवढेच येतात, म्हणून तिथे तोल बराचसा सांभाळला जातो. भाजीबाजारात मात्र अर्धाच येत राहतो, आणि दर वेळी वरच जातो.

आता आण्याचं कोडं आठवा. एकदम किलोभर भेंडी घेणारा ३० रुपये देतो. रोज पाव किलो नेणारं घर चार दिवसांत आठ चोक बत्तीस देतं. दोन रुपये जास्त, तेवढ्याच भेंडीला. एकदम किलोभर कोण घेतं आणि रोजच्या रोज पाव-पाव किलो कोण घेतं, हे तुम्ही तुमच्या गल्लीत बघितलं असेल. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळून आणि यंत्रमागावर काम करून पोट भरणारी कितीतरी कुटुंबं आहेत. हातात पैसे येतील तसा त्यांचा बाजार. आठ आण्यांचा खरा पेच इथे आहे. नाणं सगळ्यांचंच जातं, पण त्याची किंमत लहान खरेदी करणाऱ्याच्या खिशातून जाते.

पण म्हणून नाणं चालू ठेवावं का? मला नाही वाटत. १ रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागतात, असं २०१८ साली माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरातून बाहेर आलं होतं. रुपयाचीच ही गत, तर आठ आण्यांचं काय! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. नाणं हजारो हातांतून फिरत असेल तर तो खर्च वसूल होतो हे खरं. पण डब्यात पडून राहणाऱ्या नाण्यावर खर्च कशाला?

अमेरिकेचंही असंच झालं. तिथला एक सेंट पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येऊ लागला, म्हणून बाजारात चालवण्यासाठीचा शेवटचा सेंट १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडला. जुने सेंट अजून चालतात, पण रोख बिलाचं काय करायचं याचा देशभराचा एक नियम तेव्हा झालेला नव्हता. कॅनडाने मात्र शहाणपणा केला. त्यांनी २०१२ मध्ये सेंट पाडणं थांबवलं, २०१३ च्या फेब्रुवारीपासून बँकांना देणं थांबवलं आणि आधीच सांगून ठेवलं, की प्रत्येक वस्तूची किंमत नाही, सगळ्या बिलाची बेरीज झाल्यावर एकदाच ती जवळच्या पाच सेंटवर आणायची. तेही रोख देणार असाल तरच. कार्डाने दिलेत तर सेंटपर्यंत अचूक.

आपल्याकडे हे आणखी सोपं आहे. हातगाडीवरसुद्धा आता चौकोनी नक्षीचा तो कागद चिकटवलेला असतो. मोबाईलवरून साडेसात रुपये म्हणजे साडेसातच पाठवता येतात. पैसा नावाचं नाणं नसलं तरी हिशेबातला पैसा मेलेला नाही. २००९ साली एका मोबाईल कंपनीने सेकंदाला १ पैसा असा दर काढला, तेव्हा १ पैशाचं नाणं कुणाच्या खिशात होतं? आपल्या चादरी-टॉवेलच्या ठोक बाजारात एका नॅपकिनमागे ४० पैशांचा फरक पडला, तर दहा हजार नॅपकिनांमागे ४,००० रुपये होतात. विड्यांची मजुरी हजारावर मोजतात. समजा हजाराला २०० रुपये मिळाले, तर एका विडीचे झाले २० पैसे. ते नाणं २०११ मध्येच गेलं, तरी मजुरीतले ते पैसे कुणी सोडून देईल का?

म्हणून मी म्हणतो, आठ आण्याचं नाणं खुशाल बंद करा, पण आधी नियम करा आणि तो दुकानाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावा. एक, बेरीज झाल्यावर एकदाच पूर्णांक करायचा. दोन, बरोबर अर्धा रुपया आला तर १९५७ सारखा खाली सोडायचा, वर ढकलायचा नाही. मजुरी देताना मात्र तोच अर्धा वर जायला हवा, कारण तिथे घेणारा लहान असतो. भाजीवाल्या मावशींचं काय, असं कुणी विचारेल, आणि बरोबर विचारेल. त्याही काही बंगले बांधून बसलेल्या नाहीत. त्यांनी पाव किलोचा भावच पूर्ण रुपयात सांगावा, सात किंवा आठ, आणि तसा पाटीवर लिहावा. मग घेणाऱ्याला घ्यायच्या आधी कळतं, आणि पटलं नाही तर पुढच्या गाडीवर जाता येतं.

तुम्हाला पटतं का? की तुमचं म्हणणं वेगळं आहे? नुसतं मत नको, पुरावा पाहिजे. येत्या सोमवारपासून आठ दिवस एक वही करा. घरात येणाऱ्या प्रत्येक सुट्या खरेदीचा खरा हिशेब एका रकान्यात, प्रत्यक्ष दिलेले पैसे दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यात फरक, वर गेला तर अधिक, खाली आला तर उणे. गोळी, मिरच्या, कोथिंबिरीची काडी जे काही बदल्यात मिळालं तेही लिहा. मोबाईलवरून दिलेले पैसे वेगळे ठेवा. आठ दिवसांनी बेरीज करा आणि आकडे मला पाठवा. सोबत घरात माणसं किती आणि भाजी रोज येते की आठवड्याची एकदम, हेही लिहायला विसरू नका.