थेंबभर रक्त, मणभर काळजी

बोटाला सुई टोचावी, रक्ताचा एक थेंब चिपवर टेकवावा आणि शरीरात कर्करोग दडला आहे का, हे काही मिनिटांत कळावे! ही निव्वळ कल्पना नव्हे. २००५ साली हार्वर्ड विद्यापीठातील चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या तारांचा असा संवेदक करून दाखवला. तारा केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. त्यांच्यावर प्रतिपिंडे बसवलेली. कर्करोगाशी संबंधित प्रथिन येऊन चिकटले, की तारेतली वीज बदलते.

मग ही चिप आपल्या गल्लीतल्या पॅथॉलॉजीत का दिसत नाही? एक अडचण रक्ताचीच आहे. त्यातले क्षार हा विजेचा इशारा झाकून टाकतात आणि भलतीच प्रथिनेही तारेला चिकटतात. ही अडचण तंत्रज्ञ आज ना उद्या सोडवतील. दुसरी मात्र तारेतली नाही.

रक्तात सापडते ते प्रथिन. तो कर्करोग नव्हे. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथी वयोमानाने वाढली किंवा तिला सूज आली, तरीही वाढते. बँकेत उमर गेल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. समजा, दहा हजार माणसांत दहाजणांना रोग आहे आणि चाचणी शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर येते. ते दहाही जण बहुधा सापडतील. पण त्यांच्याबरोबर सुमारे शंभर निरोगी माणसांच्या हातीही तोच घाबरवणारा कागद पडेल. त्या घरांतली झोप उडेल, पुढच्या तपासण्यांचा खर्च होईल, तो कोणाच्या खाती मांडायचा?

बरे, रोग लवकर सापडला म्हणजे माणूस वाचलाच, असेही नाही. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून अधिक स्त्रिया एका अभ्यासात सहभागी झाल्या. त्यांच्यापैकी एका गटाची दरवर्षी सीए-१२५ या प्रथिनासाठी रक्ततपासणी होत असे. २०२१ साली निष्कर्ष आला: बीजांडकोशाचा कर्करोग लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

याउलट उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला प्रशिक्षित आरोग्यसेविका व्हिनेगर लावून पाहत. पांढरा डाग दिसला, तर पुढे काय करायचे ते ठरलेले होते. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ना चिप, ना प्रयोगशाळा!

सूक्ष्म संवेदक नकोत, असे मुळीच नाही. उपचारानंतर रोग परततो आहे का, यावर लक्ष ठेवायला ते मोलाचे ठरतील. पण ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या यादीतल्या प्रत्येक चौकटीवर खूण करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: हा आकडा वाढलेला निघाला, तर पुढे काय करायचे? उत्तर नीट मिळाले, तर खुशाल हात पुढे करा.