गुहेतील मोळी

सुरतेचे आणि साल्हेरचे नाते आपणां मराठी वाचकांना नव्याने सांगावयास नको. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतणारे शिवछत्रपतींचे सैन्य बागलाणातूनच गेले, आणि १६७२ साली याच साल्हेरच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर पराभूत केले. डांगचे अरण्य ओलांडले की सुमारे १५६७ मीटर उंचीचा हा गड समोर उभा राहतो. महाराष्ट्रात याहून उंच किल्ला नाही.

माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. त्याच्या टेकडीखाली कातळात खोदलेल्या गुहा आहेत. वाटसरूंचा निवारा तोच. आसपास पाण्याची खोदीव टाकी आढळतात. सह्याद्रीतील गडांवरची अशी टाकी म्हणजे बहुधा जुन्या खाणीच होत. बांधकामाचा दगड तेथून काढावयाचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत पावसाचे पाणी साठवावयाचे, ही जुनी रीत. ज्यांनी दगड नेला, त्यांनी त्या जागी पाणी ठेवले.

एका श्रावणात आम्ही चौघेजण चिंब भिजून त्या गुहेत शिरलो. कोरड्या कोपऱ्यात कोणीतरी सुक्या लाकडांची मोळी नीट रचून ठेवली होती. आम्ही देवाचे आभार मानले, गुहेच्या तोंडाशी शेकोटी केली, चहा केला, कपडे वाळविले. सकाळी निघालो तेव्हा कोपऱ्यात राखेखेरीज काही उरले नव्हते.

उतरताना डोईवर इरले घेतलेला एक वृद्ध गुराखी भेटला. रामराम झाला. वर लाकडे आहेत ना, असे त्याने सहज विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो काहीच बोलला नाही. पावसात तसाच वर चढत गेला.

२०२५ साली हा गड जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. आता आपल्या सुरतेहूनही अधिक मंडळी तेथे जातील, जावेच. मात्र टाक्यात भांडी विसळू नयेत, गुहेच्या भिंतीवर नावे लिहू नयेत, आणि तेथील सरपण वापरले तर पुन्हा भरून ठेवल्यावाचून निघू नये.

पुढील खेपेस आम्ही पायथ्याच्या गावातून मोळी विकत घेतली, आळीपाळीने खांद्यावर वाहिली आणि त्याच कोपऱ्यात ठेवून आलो. ती कोणाच्या उपयोगी पडली, हे आम्हांस कळले नाही. कळण्याची आवश्यकताही नाही.