मनगटाला घट्टे पडत नाहीत!

दरवर्षी गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलवर एक साथ पसरते... गिटारची! फर्स्ट इयरचा एखादा पोरगा नवीकोरी गिटार आणतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एफ कॉर्डशी झटापट करतो आणि आठवड्याभरात मनगट धरून बसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सिनिअर म्हणाले, सुरुवातीला दुखतंच. सहन केलं की येतं."

मित्रांनो, माझ्या मते हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळा घोटाळा आहे.

स्टीलच्या तारा दाबून बोटांची टोकं दुखणारच. काही आठवड्यांत तिथे घट्टे पडतात आणि विषय संपतो. पण मनगट दुखणं, अंगठ्याचं मूळ ठणकणं, बोटांना मुंग्या येणं हे प्रकरण वेगळं. मनगटाला घट्टे पडत नाहीत! हे दुखणं म्हणजे काहीतरी चुकतंय याचा अलार्म आहे. लॅबमध्ये फ्यूज उडाला तर आपण कारण शोधतो, तिथे जाड तार घालून "सहन कर" म्हणत नाही. मग स्वतःच्या हाताशीच अशी दुश्मनी का?

आता जरा मेकॅनिझम बघू. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. त्याच बोगद्यातून एक नसही जाते. सायकलच्या ब्रेकची केबल आठवा. केबल मुरडली की लिव्हर कितीही दाबा, ब्रेक नीट लागत नाही. प्रयोग करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ आवळा. जोरच लागत नाही ना? आता मनगट सरळ ठेवून आवळा. फरक कळला?

आपण नेमकी हीच चूक करतो. फ्रेट दिसावेत म्हणून गिटार मांडीवर आडवी पाडतो, मनगट काटकोनात वाकवतो, वर अंगठ्याने गिटारचा गळा आवळतो! गिटार उभी धरा, मान थोडी वर उचलून ठेवा, मनगट जमेल तितकं सरळ. तार फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे दाबा, तिथे कमी जोर पुरतो. किती कमी? तारेला नुसतं बोट टेकवा आणि वाजवत हळूहळू दाब वाढवा. खरखर जाऊन स्वर स्वच्छ आला की बस्स. त्याच्या वरचा सगळा जोर वाया.

तरीही जड जातंय? मग फिजिक्स वापरा. तारेचा ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या की ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण स्वर उतरवल्या तर सुमारे 21 टक्क्यांनी. बाराव्या फ्रेटवर तारा चार-पाच मिलिमीटर उंच असतील तर दोष तुमचा नाही, गिटारचा आहे. दुकानात नेऊन सेटिंग करून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज वीस-वीस मिनिटं दोनदा वाजवा. महिनाभर काही नाही आणि शेवटच्या रात्री पाच तास, ही पद्धत सबमिशनला चालते, स्नायूंना नाही. मनगट दुखलं की त्या दिवशी बंद. मुंग्या किंवा बधिरपणा जात नसेल तर बाम चोळत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याला 1830 च्या दशकात उजव्या हाताच्या दुखण्यामुळे पियानोवादक व्हायचं स्वप्न सोडावं लागलं. तो निदान सिम्फनी लिहू शकत होता. आपल्याला याच हातांनी जर्नल लिहायचीत, आणि पुढची चाळीस वर्षं कीबोर्ड बडवायचाय.

तेव्हा सिनिअर लोकहो, यंदा कुणी ज्युनिअर मनगट धरून आला तर "सहन कर" म्हणू नका. त्याची गिटार नीट धरून द्या. एफ कॉर्ड काय, पुढच्या गॅदरिंगलाही येईल!