नवी आवृत्ती मागण्याआधी
मुक्त संगणक । गोरेगाव, जि. गोंदिया

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून आमच्या गोरेगावातही जुन्या संगणकावर लिनक्स टाकून घेणारे भेटू लागले आहेत. चार दिवस वापरून झाले की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: यातलं लिब्रेऑफिस जुनं का, आणि नवं मागायचं कुणाकडे?

मागायची सोय आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे. लिनक्समधले बहुतेक प्रोग्राम त्या त्या वितरणाच्या भांडारातून पॅकेज म्हणून येतात. मूळ प्रोग्राम लिहिणारा वेगळा असतो आणि तो तपासून, बांधून भांडारात ठेवणारा वेगळा. डेबियन या वितरणात हे दुसरं काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. तिथे ‘रिपोर्टबग’ वापरून कुणीही मागणी नोंदवू शकतो. नव्या आवृत्तीच्या मागणीला ‘विशलिस्ट’ हा दर्जा मिळतो.

पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीसाठी ही मागणी सहसा मान्य होत नाही. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, तेव्हा त्यातल्या पॅकेजच्या आवृत्त्या ठरून गेल्या. यापुढे त्यात सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतील. नवं काही आलं तर ते आधी ‘अनस्टेबल’मध्ये, मग ‘टेस्टिंग’मध्ये जातं, आणि त्यातलं निवडक तेवढं ‘बॅकपोर्ट्स’मधून स्थिर आवृत्तीच्या वापरकर्त्याला मिळतं. मला हे धोरण पटतं. शाळेच्या संगणक कक्षात ऐन परीक्षेच्या तोंडावर मेनू बदलला तर मुलांचीच पंचाईत.

घाईच्या मागणीचा धोका मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिला. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचं साधन लासे कॉलिन हा गृहस्थ जवळपास एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे ‘काम पुढे सरकत नाही’ असा तगादा लावला. ‘जिया टॅन’ या नावाने मदतीला आलेल्या कुणीतरी हळूहळू अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. मग ५.६.१ घ्या, अशी रीतसर मागणी डेबियनकडे आली, तीही एका अनोळखी नावाने, आणि आणखी काही अनोळखी नावांनी तिला दुजोरा दिला. ती आवृत्ती अनस्टेबलमध्ये गेलीही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुरून संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचलंच नव्हतं.

म्हणून ‘नवी आवृत्ती आली आहे, टाका’ एवढंच लिहिणं मला पुरेसं वाटत नाही. आपलं काय अडलं आहे ते दाखवावं, आणि मराठीपुरतं ते आपल्यालाच दाखवता येतं. आपल्या भागात खरिपात धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकतात. ‘पऱ्हे’ हा शब्द टाइप करून पाहा. यातल्या ‘र’ची ती आडवी खूण नीट उमटायला हवी, तिच्या जागी ‘ह’च्या डोक्यावर रफार चढला किंवा अक्षर फुटलं, तर दोष आहे. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट दिसला तर संशय पहिल्या फॉन्टवर. सगळीकडे फुटला तर चूक टायपिंगमध्ये किंवा अक्षरं जुळवणाऱ्या भागात शोधावी. फॉन्टचं नाव, पॅकेजची आवृत्ती, टाइप केलेला शब्द आणि पडद्याचं चित्र एवढं पाठवलं की देवनागरी न वाचणाऱ्या माणसालाही काम सुरू करता येतं. लोहित फॉन्टवर बरंच काम रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी केलं, तिथे मराठी नजर होती. प्रत्येक पॅकेजला ती लाभत नाही.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. तोवर लोक ‘अ’ला वर चंद्र जोडून काम भागवत, आणि कित्येक अजूनही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेलं ‘ॲड.’ दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही.

काही मागण्या मात्र पॅकेज करणाऱ्याच्या हातातच नसतात. एस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचा मराठी शब्दकोश वर्षानुवर्षे ०.१० वरच आहे. मुळात नवं काही तयारच झालेलं नाही, तर तो बांधणार काय? बांधी, बोडी, पऱ्हे हे आपले रोजचे शब्द शुद्धलेखन तपासणीत तांबड्या रेघेखाली आले, तर नुसती शब्दयादी देऊन भागणार नाही. हनस्पेल या तशाच दुसऱ्या साधनाला शब्दांच्या फाइलबरोबर प्रत्ययांच्या नियमांचीही फाइल लागते; पऱ्ह्यांना, पऱ्ह्यांची, बांधीत, बोडीवर ही रूपं तिच्यातून तयार होतात. ते नियम मराठी बोलणाऱ्यांनीच बसून लिहायचे आहेत. पुढची बांधणी जगातला कुठलाही स्वयंसेवक करू शकेल.